०-३२ चा ब्रिक्स मीटर : काच चोख आहे, थेंब कुठला घ्यायचा ते तुम्ही ठरवा

वाळवा-पलूस भागात उसाच्या तोडीची चर्चा सुरू झाली, किंवा तासगाव-मिरजेच्या बागांत मण्यात पाणी उतरून (मणी मऊ पडून पिकायला लागून) काही दिवस झाले, की खिशातून वीतभर लांबीची एक काळी नळी निघते. कागदोपत्री नाव हँड रिफ्रॅक्टोमीटर. दुकानात ‘ब्रिक्स मीटर द्या’ म्हटलं की हाच हातात येतो. रसात साखर आणि इतर विरघळलेलं किती, ते थेंबातून प्रकाश किती वाकतो यावरून तो दाखवतो, आणि त्या आकड्याला ब्रिक्स म्हणतात. इथं बोलायचंय ते ०-३२ पट्टीच्या, एटीसीवाल्या (तापमानाचा फरक आपोआप भरून काढणाऱ्या), सेल न लागणाऱ्या साध्या मॉडेलबद्दल. सांगलीच्या कृषी दुकानांत आणि ऑनलाइन तो निरनिराळ्या नावांनी विकला जातो. बहुतेकांची घडण एकाच साच्यातली, बदलतं ते खोक्यावरचं नाव. हजार ते दोन हजारांच्या दरम्यान बरा नग मिळतो आणि तेवढ्या पैशात तो चोख काम करतो. तक्रारी येतात त्यातल्या बहुतेक यंत्राच्या नसतातच. चुकीच्या कांडीतला रस, चुकीच्या घडातला मणी किंवा उन्हात तापलेली नळी, यांच्या त्या तक्रारी असतात.

खोक्यात नळी, प्लॅस्टिकचा ड्रॉपर, बारीक स्क्रूड्रायव्हर आणि पुसायचं कापड येतं. घेताना फसगत होते ती पट्टीत. मिठाच्या पाण्याचा रिफ्रॅक्टोमीटर दिसायला हुबेहूब असाच असतो आणि आत पाहिल्याशिवाय फरक कळत नाही. म्हणून दुकानातच डोळ्याला लावून पट्टीवर ‘ब्रिक्स’ लिहिलंय का आणि सर्वांत लहान रेघ ०.२ ची आहे का ते बघा. ०-९० चा घेतला तर एकातच सगळं भागेल, असा मोह होतो. पण त्याच्या रेघा जाड हिशेबाच्या असतात, आणि १८.४ की १८.८ हा प्रश्न असतो तेव्हा त्याचा उपयोग नाही. उलट काकवी किंवा मध मोजायचा असेल तर ०-३२ बाद. रस पट्टीच्या पलीकडचा असला की सगळं वर्तुळ पांढरं दिसतं, आणि लोक यंत्र बिघडलं म्हणून परत आणतात.

शून्य लावणं हे दोन मिनिटांचं काम, पण तेच टाळलं जातं. काच पुसायची, बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी दोन-तीन थेंब टाकायचं, झाकण अलगद मिटायचं, अर्धा मिनिट थांबायचं आणि उजेडाकडे धरून निळ्या-पांढऱ्याची सीमा शून्यावर येईपर्यंत वरचा स्क्रू फिरवायचा. बोअरचं पाणी वापरू नका. क्षारही प्रकाश वाकवतात. लिटरला २ ग्रॅम क्षार असलेल्या पाण्यावर शून्य लावला तर पुढचं प्रत्येक माप ०.२ च्या आसपास कमी दाखवणार. कृष्णाकाठच्या क्षारपड पट्ट्यात असं पाणी काही दुर्मीळ नाही.

शून्य जुळला म्हणजे वरचा आकडाही बरोबर, असं मात्र नाही. त्यासाठी घरच्या साखरेचं द्रावण करा : २० ग्रॅम साखर आणि ८० ग्रॅम पाणी, दोन्ही वजनावर. साखर पूर्ण विरघळली की सीमा २० वर यायला हवी. २० ग्रॅम साखर १०० मिली पाण्यात टाकली तर १६.७ येणार. ब्रिक्स म्हणजे १०० ग्रॅम द्रावणातले विरघळलेले ग्रॅम, १०० मिली पाण्यातले नव्हेत. या एका घोळापायी चांगले नग बदलून नेलेले असतात. २० च्या जागी १९.८ ते २०.२ आलं तर निर्धास्त वापरा. त्याहून जास्त फरक पडला तर नग बदला. स्क्रू फिरवून २० जुळवू नका, तिकडे शून्य हलतो.

आता ऊन. रस तापला की त्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वाकवायची ताकद, घसरतो आणि ब्रिक्स कमी दिसतो. २० ब्रिक्सच्या रसाला दर दहा अंशांमागे साधारण ०.७ ते ०.८ चा फरक पडतो, तोही २० अंश सेल्सिअस हा पाया धरून. एटीसी म्हणजे हा फरक आपोआप भरून काढणारी आतली पट्टी. ती बहुधा १० ते ३० अंशांपर्यंतच काम करते. मार्चमधल्या दुपारी गाडीच्या डिकीत पडलेली नळी सहज चाळिशी ओलांडते, तिथं एटीसीकडून काही मागू नये. सावलीत ठेवा, रस टाकल्यावर अर्धा मिनिट थांबा म्हणजे थेंब आणि काच एका तापमानाला येतील. सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला मोजलं तर हा सगळा प्रश्नच राहत नाही. आणि रोज त्याच वेळी मोजा, कारण पहाटे पाण्यानं तट्ट फुगलेला मणी आणि दुपारी थोडा कोमेजलेला मणी यांच्या रसाची दाटी एक नसते.

इथवरचं माहितीपत्रकातही सापडेल. थेंब कुठला घ्यायचा, हे मात्र त्यात नसतं. त्यासाठी साखर पानातून निघून कुठल्या वाटेनं जाते ते बघावं लागतं.

उसाचं कांडं धारदार कोयत्यानं आडवं कापा आणि दहापट भिंगातून बघा. पांढुरक्या गरात शेकडो ठिपके विखुरलेले दिसतील, सालीजवळ दाट, मध्याकडे विरळ. ऊस चघळल्यावर दातात अडकतात त्या दशा म्हणजे हेच ठिपके, उभे. प्रत्येक ठिपक्यात दोन वाटा आहेत : मुळांकडून वर पाणी नेणारी जलवाहिनी आणि पानांकडून साखर आणणारी रसवाहिनी. सूक्ष्मदर्शकाखाली हा ठिपका माणसाच्या तोंडवळ्यासारखा दिसतो. दोन मोठे डोळे म्हणजे जलवाहिन्या, आणि कपाळाच्या जागी लहान-लहान पेशींचा पुंजका म्हणजे रसवाहिनी. साखर भरते ती या ठिपक्यांभोवतीच्या मऊ गरात.

त्या कपाळातल्या पेशी जोडीनं काम करतात. एका मातृपेशीचं विभाजन होऊन एक चाळणी पेशी आणि तिच्या कडेला एक सहपेशी तयार होते. चाळणी पेशी मोठी होताना आपलं केंद्रक सोडून देते, मोठी रिक्तिका (पेशीतली पाण्याची पिशवी) जाते, रायबोसोमही जातात. आतून रस वाहायचा तर वाटेत सामान नको. अशा पेशी एकावर एक रचून नळी होते आणि मधल्या भिंती चाळणीसारख्या भोकांच्या असतात. केंद्रक नाही म्हणजे स्वतःची डागडुजी स्वतःला करता येत नाही. ते काम सहपेशी करते. तिच्यात केंद्रक आहे, ऊर्जा पुरवणारे मायटोकॉन्ड्रिया खच्चून भरलेत, आणि दोघींमधल्या भिंतीतल्या बारीक छिद्रांतून प्रथिनं आणि ऊर्जा सतत पलीकडे जात राहते. दोघींतली एक मेली की दुसरीचं काम तिथंच थांबतं.

पानात साखर चढवायचं जड कामही बऱ्याच पिकांत सहपेशीच करते. हिरव्या पेशींनी बनवलेलं सुक्रोज पेशींबाहेर भिंतीच्या ओलाव्यात येतं. सहपेशी ऊर्जा खर्चून प्रोटॉन बाहेर फेकते, आणि ते परत आत शिरताना सोबत सुक्रोज ओढून आणतात. नळीत साखर दाटली की शेजारच्या जलवाहिनीतलं पाणी आत घुसतं आणि दाब चढतो. मोटारसायकलच्या टायरात दोन बारच्या आसपास हवा असते, या नळीत दहा बारच्या आसपासचा दाब असू शकतो. तिकडे कांडीत, मण्यात किंवा मुळात साखर उतरवून घेतली जाते, पाणी बाहेर पडतं, दाब पडतो. या दोन टोकांमधल्या दाबाच्या फरकावर रस तासाला अर्धा ते एक मीटर सरकतो. अर्न्स्ट म्युंख या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञानं १९३० मध्ये मांडलेली ही कल्पना आजही पायाभूत मानली जाते.

यातून मीटर वापरणाऱ्यानं दोन गोष्टी उचलायच्या. साखर पोहोचते ती जिथं उतरवून घेणारा आहे तिथं, आणि उतरवून घेणारे एकमेकांशी स्पर्धा करतात. उसाच्या शेंड्याजवळच्या कोवळ्या कांड्या आलेली साखर वाढीत खर्च करतात, तर बुडाकडच्या जुन्या कांड्या साठवतात. म्हणून ऊस बुडातून पिकतो. बुडातल्या कांडीचा रस काढून ‘२१ आला, तोड लावा’ म्हणणं म्हणजे तळाशी बसलेली साखर चाखून चहा गोड ठरवणं.

रीत अशी. बांधाकडच्या दोन-तीन सऱ्या सोडायच्या, कारण कडेच्या उसाला ऊन जास्त मिळतं आणि तो फसवतो. एकरभर रानातून इकडचे-तिकडचे वीसेक ऊस घ्यायचे. प्रत्येकाचा बुडाकडून तिसऱ्या-चौथ्या कांडीचा रस वेगळा आणि वाढ्याच्या (शेंड्याच्या पानांच्या हिरव्या भागाच्या) लगेच खालच्या, म्हणजे कारखान्याला जाणाऱ्या शेवटच्या कांडीचा रस वेगळा. टोच्यानं भोक पाडून थेंब काढला तर उभा ऊस तोडावा लागत नाही. वरचा ब्रिक्स भागिले खालचा ब्रिक्स करा. खाली २१ आणि वर १५ असेल तर ०.७१, म्हणजे शेंडा अजून कच्चा, थांबा. खाली २०.५ आणि वर १९.५ असेल तर ०.९५, ऊस तोडीला आला. वरचा आकडा खालच्याच्या पुढे गेला तर बुडातली साखर मोडायला लागली, उशीर झाला. तुरा आलेल्या उसात काही आठवडे हे गुणोत्तर देखणं दिसतं, शेंड्याची वाढ थांबलेली असते ना. मग पांगशा (बाजूचे फुटवे) फुटतात, दशी पडते (कांडी आतून भुसभुशीत होते) आणि आकडा खाली येतो. तुरा दिसल्यापासून आठवड्याला एकदा मोजलं तर ते वळण हातून सुटत नाही.

को ८६०३२ आणि फलटण तालुक्यातल्या पाडेगाव केंद्रानं दिलेला फुले २६५ हे उसाचे दोन वाण शेजारी असतील तर त्यांचे आकडे एका वहीत, पण वेगळ्या रकान्यांत लिहा. वाणाची पक्वता वेगळी, त्यांची सरासरी काढून काही हाती लागत नाही.

वरचा आकडा हटून बसला असेल तर दोष बहुधा रानात असतो. उशिरा टाकलेल्या युरियानं शेंडा वाढत राहतो आणि साखर तिकडेच जिरते. पालाश कमी पडला तर साखर नळीत चढवण्याचं कामच मंदावतं आणि ती पानात अडकून पडते. तोडणीआधी पाणी तोडलं नाही तर रस पातळ. शेवटच्या पंधरवड्यात चढलेल्या आकड्यातला काही भाग नुसतं पाणी कमी झाल्याचाही असतो, हेही ध्यानात ठेवा.

द्राक्षात वाट वेगळी आहे. वेलीच्या खोडात रसवाहिनी उसासारखी विखुरलेली नसते, ती सालीखाली गोल कड्यात असते. म्हणून तर गर्डलिंग करता येतं. खोडावरून चार-पाच मिलीमीटर रुंदीची सालीची गोल पट्टी काढली की खाली मुळांकडे जाणारी साखर अडते आणि वर घडांच्या वाट्याला येते. आत लाकडातली जलवाहिनी शाबूत असल्यामुळे पाणी चढत राहतं. सतराव्या शतकात माल्पिगी या इटालियन शास्त्रज्ञानं झाडांची साल अशीच कड्यासारखी काढून कापाच्या वरच्या बाजूला फुगवटा येतो हे पाहिलं होतं. उसाला असं कडं काढून काही होणार नाही. मीटरच्या दृष्टीनं मुद्दा एवढाच की गर्डलिंग केलेल्या आणि न केलेल्या वेलींचे मणी एका भांड्यात चुरू नका.

मण्यात पाणी उतरण्याच्या सुमाराला साखर उतरवून घ्यायची पद्धतच बदलते. आधी ती पेशीतून पेशीत बारीक दोऱ्यांवाटे जाते, नंतर भिंतीतल्या मोकळ्या जागेत सोडली जाते आणि तिथून मण्याच्या पेशी ती ओढून घेतात. वाटेत सुक्रोज फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं. तोवर हिरव्या टणक मण्याला मीटर जो पाच-सहाचा आकडा दाखवतो त्यात आम्लाचा वाटा मोठा असतो. त्याला गोडी समजू नये. यंत्राला साखर ओळखता येत नाही, रसात जे काही विरघळलंय ते सगळं ते मोजतं.

घडाच्या खांद्याचा मणी सहसा आधी गोड होतो, टोकाचा मागे राहतो. व्यापाऱ्याला दाखवायला खांद्याचा मणी आणि स्वतःला कळायला टोकाचा, ही बागेतली जुनी चलाखी आहे. त्याऐवजी सावलीतले-उन्हातले, ओळीच्या दोन्ही बाजूंचे असे शंभरेक मणी घ्या, खांदा-मध्य-टोक सारख्या प्रमाणात, आणि अख्खे चुरून फडक्यातून गाळलेल्या रसाचा थेंब टाका. मणी दाबून निघालेला पहिला थेंब घेऊ नका. मण्याच्या आतही सगळीकडे गोडी सारखी नसते. गाळलं नाही तर सीमारेषा धूसर होते आणि १८ की १९ यावर तिघांची तीन मतं पडतात.

बेदाण्याला हा एक आकडा किती तोलाचा आहे ते कागदावर बघा. १०० किलो रसातलं घन १८ ब्रिक्सला १८ किलो आणि २२ ला २२ किलो. बेदाण्यात १५ टक्के ओल धरली तर साल-देठ बाजूला ठेवून पहिल्यातून २१.२ किलो आणि दुसऱ्यातून २५.९ किलो माल. तेच डिपिंग ऑइल, तीच पोटॅशियम कार्बोनेटची बुडवण, शेडवरची तीच मजुरी. क्विंटलमागे पावणेपाच किलोचा फरक पडतो तो तोड आधी-मागे केल्यानं.

काही विक्रेते मीटरसोबत एक तक्ता देतात : पान चुरून रसाचा ब्रिक्स मोजा, अमुक वर आला तर पीक निरोगी, कीड येणार नाही. या तक्त्याला आमच्याकडून गुण नाहीत. पान चुरल्यावर निघतो तो पेशींतल्या रिक्तिकांचा, जलवाहिनीचा आणि भिंतींचा मिळून झालेला काला. रसवाहिनीतला रस असा निघतच नाही. तिला कापताच आतला दाब सुटतो, प्रथिनांचे बोळे आणि कॅलोज नावाचा भोकं बुजवणारा पदार्थ यांचा थर चाळणीच्या भोकांवर बसतं आणि नळी बंद होते. शास्त्रज्ञांना शुद्ध रस मिळवायला माव्याचा आसरा घ्यावा लागला. मावा सोंड थेट एका चाळणी पेशीत खुपसतो आणि नळी बंद होऊ देत नाही. केनेडी आणि मिटलर यांनी १९५३ मध्ये रस पीत असलेल्या माव्याची सोंड कापली, तर तुटक्या सोंडेतून रस तासन्‌तास पाझरत राहिला. २००२ मध्ये सांगली जिल्ह्यात उसावर लोकरी मावा आला तेव्हा खालची पानं चिकटून काळी पडलेली ज्यांनी पाहिली, त्यांनी या दाबाचा परिणाम पाहिलाय. नळीतला जादा गोड रस किड्याच्या पोटातून खाली गळतो आणि त्यावर काळी बुरशी वाढते. तो चिकटा मीटरवर टाकून मात्र काही कळत नाही. हवेत पाणी उडून तो लगेच दाट होतो.

तोडलेल्या उसावर मीटर सरळ खोटं बोलतो. ऊस तुटला की पानांकडून येणारा पुरवठा थांबतो आणि आतलं सुक्रोज मोडायला लागतं. पाणीही उडतं, त्यामुळे ट्रॉलीत तीन दिवस पडलेल्या उसाचा ब्रिक्स वाढलेला दिसतो आणि साखर उतारा (उसाच्या वजनामागे निघणारी साखर) मात्र घसरलेला असतो. शिळा ऊस ओळखायला ब्रिक्सच्या जोडीला पोल (रसातलं सुक्रोज) आणि शुद्धता (ब्रिक्समध्ये सुक्रोजचा वाटा) लागते आणि ती प्रयोगशाळेतच मिळते. दुसरी गोष्ट दराची. २०२५-२६ ची एफआरपी, म्हणजे केंद्र सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये ठरली, पण उतारा धरतात तो कारखान्याचा सरासरी. तुमच्या रानातला २१ ब्रिक्स तुमच्या बिलावर वेगळा चढत नाही. मीटर घ्यायचा तो तोडीची वेळ ठरवायला. दर भांडायला घेतला तर पदरी निराशाच येईल.

अटागो, एर्मासारखे जपानी नग काही पट महाग पडतात. रेषा जास्त रेखीव दिसते, काच जास्त टिकते. रोज पन्नास नमुने करणाऱ्या व्यापाऱ्यानं किंवा शेतकरी गटानं ते घ्यावेत, दोन-तीन एकरवाल्याला गरज नाही. डिजिटलमध्ये डोळ्याचा अंदाज लागत नाही ही सोय, पण सेल ऐन वेळी संपतो आणि कडक उन्हात काही नग चुकतात.

साध्या नगाचा जीव काचेत आहे. उसाच्या रसातली बारीक माती कोरड्या फडक्यानं घासली की काचेवर ओरखडे येतात, म्हणून आधी ओला बोळा, मग सुका. रस वाळू दिला तर पुढच्या थेंबात जुनी साखर मिसळते. नळाखाली धरून धुऊ नका. काचेच्या कडेचा सील फार पक्का नसतो, पाणी आत शिरलं की वर्तुळ धुकट होतं, आणि असा नग उघडून दुरुस्त करण्यापेक्षा नवा स्वस्त पडतो. ड्रॉपर पहिल्या हंगामातच चिरतो. औषधाच्या बाटलीतला घेतला तरी चालतो, फक्त आधी धुऊन वाळवा.